दोन तासांचा वाढदिवस

मेलबर्न : निमंत्रणावर वेळ छापलेली असते, सकाळी १० ते १२. भारतातून नव्याने आलेल्या आईबाबांची नजर त्या '१२'वर अडखळते. कार्यक्रम कधी सुरू होणार हे यजमान सांगतोच, पण पाहुण्यांनी कधी उठायचं हेही त्यानेच ठरवायचं? ऑस्ट्रेलियात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाचा वाढदिवस दोन तासांचा, फार तर अडीच. तेवढ्यात तीन-चार खेळ होतात, एकदा खाणं होतं, केक कापला जातो आणि मुलं दमून रडायला लागायच्या आत घरी जातात. वेळेला कुंपण घातलं की खर्चालाही आपोआप पडतं.

ठिकाण म्हणून बहुतेकदा एखाद्या बागेचं नाव असतं. इथल्या बागांमध्ये घसरगुंडी-झोपाळे आहेत, लाकडी टेबलं-बाकं आहेत, वर छप्पर आहे आणि शेजारी स्टीलच्या पत्र्याचा विजेवर चालणारा बार्बेक्यूही आहे. बटण दाबलं की पत्रा तापतो, ठरावीक वेळाने आपोआप बंद होतो, मग पुन्हा बटण दाबायचं. पूर्वी त्यात २० सेंटचं नाणं टाकावं लागे. आता बहुतेक ठिकाणी काहीच द्यावं लागत नाही. वीज कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, साफसफाईही तिचीच. भाजून झाल्यावर पत्रा पुसून पुढच्यासाठी ठेवायचा, एवढा शिष्टाचार पाळला जातो. काही बागांतली छपरं शुल्क भरून राखून ठेवता येतात. इतरत्र जो आधी येईल त्याचं टेबल. म्हणून शनिवारी सकाळी आठला एखादे बाबा टेबलाला फुगे बांधून, हातात कॉफीचा कप घेऊन एकटेच बसलेले दिसतात. ते पहाऱ्यावर असतात.

दुसरा मार्ग महाग आहे. बंदिस्त खेळघरात वाढदिवस करायचा तर दर मुलामागे साधारण ३० ते ४० डॉलर पडतात. वर्गातली २० मुलं बोलावली की ६०० ते ८०० डॉलर झाले, आणि त्यात केक असेलच असं नाही. घराच्या हप्त्यांनी आधीच वाकलेल्या कुटुंबांना हा आकडा बोचतो. बागेतल्या वाढदिवसाची खरी सोय इथे कळते. तो गरिबाचा पर्याय मानला जात नाही. दोन मोटारी आणि पोहण्याचा तलाव असलेल्या घरातली मुलंही त्याच पत्र्याभोवती सॉसेज खात वाढदिवस साजरा करतात, त्यामुळे बाग निवडली म्हणून कुणी कुणाच्या खिशाचा अंदाज बांधत नाही.

खाण्याचंही तसंच. पांढऱ्या पावाच्या स्लाइसवर लोणी लावायचं, त्यावर साखरेचे बारीक रंगीबेरंगी दाणे पेरायचे आणि तिरक्या सुरीने त्रिकोण कापायचे. याला म्हणतात फेअरी ब्रेड. होबार्टच्या 'मर्क्युरी' दैनिकात १९२९ साली मुलांच्या एका पार्टीच्या संदर्भात याचा उल्लेख आला होता. पुढे महामंदी आली, युद्ध आलं, सुबत्ता आली, आहारतज्ज्ञ आले. फेअरी ब्रेड आपल्या ताटलीतून हलला नाही. कुणी आरोग्याच्या काळजीने तो ब्राउन ब्रेडवर केला, तर मुलं दाणे चाटून पाव ठेवून देतात.

जोडीला चॉकलेट क्रॅकल्स. फुलवलेल्या तांदळाचे राइस बबल्स, कोको, पिठीसाखर आणि सुक्या खोबऱ्याचा कीस एकत्र करून त्यात कोफा, म्हणजे प्रक्रिया करून घट्ट केलेलं खोबरेल, वितळवून ओततात. मिश्रण कागदी वाट्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवलं की झालं. ओव्हन लागत नाही, पाच वर्षांचं मूलही ढवळायला मदत करतं. डिसेंबर १९३७च्या 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली'त ही कृती छापून आली होती. मराठी जिभेला हा कुरमुऱ्याच्या लाडवाचा चॉकलेट खाल्लेला चुलतभाऊ वाटतो.

त्याच 'वीकली'ने १९८० साली मुलांच्या वाढदिवसाच्या केकचं एक पुस्तक काढलं. मेरीॲन ब्लॅकर आणि पामेला क्लार्क यांच्या या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या, पुढे जुन्याच रूपात नव्या आवृत्त्या निघाल्या, आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीचं बालपण त्यातल्या चित्रांनी भरलेलं आहे. मुखपृष्ठावर आगगाडी, तिच्या डब्यांत पॉपकॉर्न. आत पोहण्याचा तलाव आहे: केकमध्ये खड्डा, खड्ड्यात निळी जेली, भोवती चॉकलेटच्या बिस्किटांचं कुंपण. एक बदक आहे, त्याची चोच बटाट्याच्या वेफर्सची. आकडेही आहेत, ते सर्वांत सोपे. म्हणून मूल पानं उलटत असताना आईबाबा हळूच आकड्यांच्या पानाकडे बोट दाखवतात आणि मूल हमखास आगगाडीवर बोट ठेवतं.

पुस्तकाची खुबी अशी की केकसाठी बाजारातलं तयार पाकीट चालतं. सजावटीचं सामान सुपरमार्केटच्या गोळ्या-बिस्किटांच्या रांगेत मिळतं. मिठाईवाल्याचं कसब कुणी मागत नाही. आदल्या रात्री अकराला एक बाजू खचते, तिथे जादा आयसिंग थापलं जातं, आणि सकाळी तो वाकडा केक मोठ्या अभिमानाने टेबलावर येतो. विकतचा गुळगुळीत केक आणणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही; कौतुक मात्र वाकड्याच्या वाट्याला जास्त येतं. ब्रिस्बेनमध्ये तयार होणाऱ्या 'ब्लूई' या कार्टून मालिकेत तर बाबा बदकाचा केक करताना कसे मेटाकुटीला येतात, यावर एक अख्खा भाग आहे.

'ब्लूई'चाच दुसरा एक भाग इथल्या पालकांमध्ये अधिक गाजला. विषय होता पार्सलचा खेळ. कागदाच्या अनेक थरांत गुंडाळलेलं पुडकं मुलं गोल बसून हातोहात फिरवतात. गाणं थांबलं की ज्याच्या हातात असेल त्याने एक थर सोडवायचा. जुना नियम असा की बक्षीस एकच, सगळ्यात आत, शेवटचा थर काढणाऱ्याला. पुढे कुणी हिरमुसू नये म्हणून प्रत्येक थरात काही ना काही ठेवण्याची रीत पडली. गाण्याचं बटण हाती असलेली आई डोळ्यांच्या कोपऱ्यातून हिशेब ठेवते, कुणाची पाळी राहिली. मालिकेतला शेजारचा बाबा हे पाहून चिडतो आणि जुना नियम परत आणतो. मुलं आधी भोकाड पसरतात, मग त्यांना त्या चुरशीचीच गोडी लागते. मुलांना हरायला शिकवावं की नाही, यावर मोठ्यांनी भरपूर वाद घातला. ज्यांना बारा थरांत बारा वस्तू कोंबाव्या लागत होत्या, त्यांना मात्र जुन्या नियमाच्या बाजूने बोलायला एक तयार दाखला मिळाला.

बाकी खेळांना तेवढीही तयारी लागत नाही. प्लास्टिकची बॅट आणि टेनिसचा चेंडू पुरतो. एक टप्पा पडून एका हाताने झेलला तर आउट, कुंपणापलीकडे गेला तर सहा धावा आणि आउट. दादरच्या गल्लीत खेळलेल्या बाबांना हे नियम कुणी समजावून सांगावे लागत नाहीत.

काटकसरीला इथे संस्थांचाही आधार आहे. अनेक उपनगरांत खेळण्यांची ग्रंथालयं आहेत. वर्षाची वर्गणी भरून तिथून खेळणी घरी नेता येतात, आणि काही ठिकाणी वाढदिवसासाठी खेळांचे संच, कपबश्या, अगदी हवा भरून उड्या मारायचा किल्लाही भाड्याने मिळतो. तो किल्ला बागेत उभारायचा असेल तर मात्र कौन्सिलची परवानगी आणि विमा लागतो. फुगे हवेत सोडायला व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै २०२१ पासून बंदी आहे. नियम मोडला तर दंड होतो.

निमंत्रणाच्या तळाशी आणखी एक प्रश्न असतो: कुणाला कशाची ॲलर्जी आहे का? तो केवळ सौजन्याचा नाही. मेलबर्नच्या मर्डॉक बालसंशोधन संस्थेच्या पाहणीत एक वर्षाच्या दर दहा बाळांमागे एकाला कुठल्या ना कुठल्या अन्नाची ॲलर्जी आढळली होती. अंडं आणि शेंगदाणा त्यात अग्रभागी. साहजिकच चिवड्याचा डबा उघडण्याआधी मराठी आईलाही चार जणांना विचारावं लागतं.

मराठी घरांतून या सगळ्याची आपापल्या परीने सांगड घातली जाते. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी घरी पाटावर औक्षण, गोडाचं जेवण, भारतातल्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल. शाळेतल्या मित्रांसाठी पुढच्या शनिवारी बाग. पहिला वाढदिवस मात्र अजूनही हॉल घेऊन, केटररला सांगून, मित्रपरिवारासह धूमधडाक्यात होतो, आणि तिथे निमंत्रणावर शेवटची वेळ छापण्याचं धाडस सहसा कुणी करत नाही. भेटवस्तूंचा प्रश्न तुलनेने सोपा. परतीच्या भेटीची सवय दोन्हीकडे आहेच. इथे ती गोळ्यांच्या छोट्या पिशवीच्या रूपात हाती पडते, आणि ती पडली की निघायचं हे चार वर्षांच्या मुलालाही समजतं.

बागेत शाकाहारी कुटुंबं पत्र्यावर आधी ॲल्युमिनियमची फॉइल अंथरतात आणि पनीर, मक्याची कणसं सॉसेजच्या आधी भाजून घेतात. खरी अडचण केकपाशी येते. अंड्याऐवजी पाकिटात दही घालून भागतं, पण जेली आणि मार्शमेलो यांत जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून बनतं. मुलाने नेमका तलावाचा केक निवडलेला असला, तर भारतीय वाणसामानाच्या दुकानातून चायना ग्रास आणलं जातं, त्यात खायचा निळा रंग मिसळला जातो. ते जिलेटिनपेक्षा कडक लागतं, चमच्याने तुटतं, मुलं कुरकुरतात. पण जानेवारीत मेलबर्नचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बाजारच्या जेलीचे तलाव मेणबत्त्या लावायच्या आत ओघळू लागतात. चायना ग्रासचा तलाव केक कापेपर्यंत काठोकाठ उभा असतो.