फ्रेमच्या दुकानातला संगणक : गैरसमज, वस्तुस्थिती आणि पट्टीचा हिशोब

वसई-विरारमध्ये नवी इमारत उभी राहिली की तिच्यातल्या प्रत्येक घरात दोन-चार खिळे ठोकले जातातच. विरारच्या घरात जीवदानी मातेची तसबीर लागते, वसईच्या एखाद्या ख्रिस्ती घरात येशूचं पवित्र हृदय किंवा मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा फोटो. आजोबा-आजी आणि शाळेचं प्रशस्तिपत्रक तर दोन्हीकडे. हे सगळं मढवून देणारी दुकानं बहुतेक एका गाळ्याची. मालक, एखादा कारागीर, भिंतीला टेकवलेल्या फ्रेमच्या पट्ट्या, काचा ठेवायचा घोडा, आणि गल्ल्याजवळ एक वही.

या वहीच्या जागी संगणक यावा का, असं विचारलं की दोन तऱ्हेची उत्तरं मिळतात. कोणी म्हणतं, ‘हातच्या धंद्यात त्याचं काय काम?’ कोणी म्हणतं, ‘एकदा घेतला की सगळं आपोआप.’ दोघांच्याही डोळ्यांसमोर पडद्यावरची चित्रं असतात. पैसा मात्र गळतो तो पट्टीच्या मापात.

‘हिशोब तोंडी होतो’

होतो, पण बरेचदा चुकतो. १२ बाय १८ इंचांचा फोटो आला की चारी बाजूंची बेरीज ६० इंच, म्हणजे ५ फूट पट्टी, असं धरून दर सांगितला जातो. पण पट्टीचे कोपरे ४५ अंशांत कापले जातात आणि प्रत्येक तुकड्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब असते. म्हणून फोटोच्या परिमितीत पट्टीच्या रुंदीची आठपट मिळवावी लागते. फोटो ज्या खाचेत बसतो, ती खाच त्या रुंदीतून आधी वजा करायची. पट्टी २ इंच रुंद आणि खाच पाव इंच असेल, तर ६० अधिक ८ गुणिले पावणेदोन, म्हणजे ७४ इंच. सहा फूट दोन इंच! पट्टीचा भाव फुटाला ४० रुपये धरला तर मालकाने २०० रुपये लावले आणि पट्टी गेली सुमारे २४७ रुपयांची. अरुंद पट्टीत हा फरक जाणवत नाही, म्हणून वर्षानुवर्षं लक्षातही येत नाही. रुंद, महागड्या सोनेरी पट्टीत जिथे नफा जास्त दिसतो, तिथेच तो सर्वात जास्त गळतो.

हे गणित एक्सेलमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कमध्ये एकदाच लिहायचं असतं. लांबी, रुंदी, पट्टीचा क्रमांक टाकला की पट्टी, काच, फोटोभोवतीचा पुठ्ठा म्हणजे माउंट, मागचं एमडीएफ आणि मजुरी धरून आकडा समोर येतो. गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर कुठवर खाली यायचं, हेही त्याच ओळीत कळतं. माझ्या मते फ्रेमवाल्याने संगणकावर दुसरं काहीच केलं नाही, एवढंच केलं, तरी खर्च वसूल आहे.

दुसरी गळती तुकड्यांची. समजा पट्टी ९ फुटांची, म्हणजे १०८ इंचांची आहे. त्यातून वर सांगितलेली १२ बाय १८ची फ्रेम कापली की ३४ इंच उरतात आणि तो तुकडा कोपऱ्यात जातो. मग त्याच क्रमांकाच्या पट्टीत ८ बाय १०ची एक आणि पुन्हा १२ बाय १८ची एक अशा ऑर्डरी आल्या आणि दर वेळी नवी पट्टी काढली, तर तीन पट्ट्या लागतात. खरं तर त्या ३४ इंचांत ८ बाय १०च्या दोन आखूड बाजू बसतात, प्रत्येकी साडेअकरा इंचांच्या. तिच्या दोन लांब बाजू आणि तिसरी अख्खी फ्रेम दुसऱ्या पट्टीत निघते. तीनचं काम दोन पट्ट्यांत! त्यासाठी कुठला तुकडा किती इंचांचा आणि कुठल्या मालातला उरलाय, याची यादी लागते. मालाची नोंदही हवी, कारण एकाच क्रमांकाच्या सोनेरी पट्टीची छटा नव्या मालात थोडी बदलू शकते आणि भिंतीवर गेल्यावर तो फरक दिसतो.

‘संगणकावर फोटो साफ होतो’

हा गैरसमज गिऱ्हाइकाचा, पण त्याची किंमत दुकानदार मोजतो. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाखवून लोक म्हणतात, मोठा करून द्या. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप आक्रसून टाकतं. लांब बाजूला साधारण १६०० ठिपके उरतात. तो १८ इंचांवर ताणला की इंचाला नव्वदही ठिपके येत नाहीत. हातात धरून पाहायच्या छपाईला ३०० लागतात; भिंतीवर लांबून पाहायच्या फोटोला दीडशेवर भागतं. संगणकात ‘३००’ हा आकडा नुसता टाइप केला म्हणून नसलेले ठिपके जन्माला येत नाहीत. तोच फोटो व्हॉट्सॲपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. बारा मेगापिक्सेलच्या फोनची ४००० बाय ३०००ची फाइल १८ इंचांवर इंचाला २२२ ठिपके देते. दुकानात ‘फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ अशी पाटी लावणं हे कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा कामाचं.

आणखी एक बारीक गोष्ट. बहुतेक फोनचा फोटो ४:३ या प्रमाणात असतो, १२ बाय १८ची चौकट ३:२ मध्ये. म्हणजे काहीतरी कापलं जाणारच, आणि नेमकं काकांचं डोकं जातं. फोनच्या फोटोला १२ बाय १६ तंतोतंत बसतं.

मग ‘एआय’ने चेहरा स्पष्ट करायचा की नाही? देखाव्याला, इमारतीला खुशाल करा. गेलेल्या माणसाच्या फोटोला मात्र जपून. ही कामं घाईची असतात. दहाव्या-तेराव्याच्या आत फ्रेम हवी असते, हाताशी असतो लग्नाच्या गर्दीतून कापलेला नखाएवढा चेहरा. अशा वेळी यंत्र नसलेला तपशील शोधून काढत नाही, अंदाजाने भरतं. पापणी, ओठांची कड, गालावरची सुरकुती हे सगळं हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेलं. निकाल झकास दिसतो आणि घरची म्हातारी बाई म्हणते, हे नव्हेत ते. मूळ आणि सुधारलेला असे दोन्ही नमुने घरच्यांना दाखवून, त्यांनी निवडल्यावरच छापावं. फोटो लहान ठेवून भोवती रुंद माउंट दिला, तर धूसरपणाही झाकतो आणि फ्रेमही भारदस्त दिसते. ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे.

‘बिल संगणकावर केलं की जीएसटी मागे लागतो’

नोंदणी उलाढालीवर ठरते, यंत्रावर नाही. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला १ एप्रिल २०१९ पासून वर्षाला ४० लाखांची मर्यादा आहे, सेवा देणाऱ्याला २० लाखांची. या उलाढालीत रोख, यूपीआय, चेक सगळं मोजलं जातं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, तेव्हा इकडेही काहींनी क्यूआर कोड काढून ठेवायचा विचार केला. रोखीने घेतलेली रक्कम काही उलाढालीबाहेर जात नाही. उलट कुठली रक्कम विक्रीची आणि कुठली मेहुण्याने परत केलेली उसनवारी, हे दाखवायला नोंदच लागते. तयार फ्रेम विकणं आणि गिऱ्हाइकाचा फोटो मढवून देणं यांत वस्तू किती आणि सेवा किती, हे मात्र कर सल्लागाराकडून एकदा ठरवून घ्यावं. वसई-विरार ज्या पालघर जिल्ह्यात येतं, त्याची हद्द गुजरातला लागून आहे, त्यामुळे हेही लक्षात असावं : वापीच्या गिऱ्हाइकाला फ्रेम पार्सलने विकली तर ती आंतरराज्य विक्री, आणि वस्तूंच्या अशा विक्रीला सहसा ही मर्यादा लागू होत नाही. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं तर चूकच.

‘इंग्रजी यायला हवं’

नको. विंडोजमध्ये २०१९ पासून उच्चाराप्रमाणे मराठी टंकायची सोय आहे, फोनवर तर बोलूनही लिहिता येतं. खरी अडचण वसईच्या नावांची. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तरी त्यांचं आडनाव कोणी ‘दिब्रिटो’ लिहायचं, कोणी ‘डिब्रिटो’. डिसोजा-डिसुझा, लोपीस-लोपेस यांचंही तेच. नावाने शोधलं तर ऑर्डर सापडत नाही. प्रत्येक नोंद मोबाइल क्रमांकाने ठेवावी, नाव शेजारी.

ऑर्डरींच्या याच नोंदींतून न नेलेल्या फ्रेमा सापडतात. थोडी आगाऊ रक्कम देऊन गायब झालेली गिऱ्हाइकं प्रत्येक दुकानात असतात. तयार झाल्याची तारीख एका रकान्यात असली की महिना उलटलेल्यांना एका बैठकीत निरोप जातो.

कोपरा सांधायचं काम मात्र संगणकाचं नाही. माप तो देईल, पण पातं बोथट असेल तर कोपऱ्यात फट राहणार. संगणकावर चालणारी माउंट कापायची यंत्रं मिळतात आणि सुरेख कापतात, पण दिवसाला चार-पाच माउंट करणाऱ्या दुकानात हातकटरच परवडतो.

राहिला पाऊस. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल थांबल्या, ते इथे सर्वांना आठवतं. ‘पाणी शिरलं तर संगणक जाईल, वही बरी’ असं म्हणणाऱ्यांनी भिजलेल्या वहीतली शाई पाहिलेली नसावी. हिशोबाच्या वर्षभराच्या फाइली एखाद्या चांगल्या फोटोपेक्षाही लहान भरतात. गुगलच्या फुकट १५ जीबीत त्या सहज मावतात. मात्र तिथे त्यांची प्रत आपोआप पडते असं समजू नये. ती पडतेय का, हे मे महिन्यात दुसऱ्याच फोनवर फाइल उघडून पाहावं आणि त्याच दिवशी पट्ट्या आणि एमडीएफ जमिनीवरून दोन फूट वर उचलावेत.