जुळत नाही!

माझी भाची हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि उरलेल्या वेळात धावते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचे २१ किलोमीटर पळायचे म्हणून सरावाला माझ्याकडे येते. मी बीए मराठीवाली, गणिताशी कायमचा काडीमोड! तरी तिने मला पायथॉन शिकवलं. आमच्या बचत गटाचा हिशेब कॉम्प्युटरवर आणायचा हट्ट माझाच.

पहिलाच प्रोग्राम रजिस्टरशी ताडून पाहिला, तर पडद्यावर आलं, ‘जुळत नाही.’ उत्साहाच्या भरात मी ते भर बैठकीत वाचून दाखवलं. नऊ वर्षं रजिस्टर लिहिणाऱ्या काकूंचा चेहरा उतरला. बोलल्या काहीच नाहीत, पण पुढच्या बैठकीला आल्याही नाहीत.

यवतेश्वरच्या घाटात भाचीला हे सांगितलं. ती पळत होती, मी आपली मागून भरभर चालत. ती थांबलीच. ‘‘मावशी, त्याला ०.१ अधिक ०.२ विचार. बरोब्बर ०.३ म्हणतच नाही तो!’’ कॉम्प्युटर आतून शून्य आणि एक या दोनच अंकांत मोजतो. त्यात ०.१ नेमका बसत नाही, मग बेरजेत दशांश चिन्हानंतर सतराव्या घरात एक ४ उरतो. एवढ्यावरून ‘जुळत नाही’! म्हणून हिशेब रुपयांत नाही, पैशांत ठेवायचा. ‘‘नवीन असताना मीही हेच केलं होतं,’’ म्हणाली.

संध्याकाळी सगळ्या रकमा पैशांत लिहिल्या. जुळलं. तशीच काकूंकडे गेले. त्यांनी चहा टाकला, सगळं ऐकून घेतलं.

‘‘बरं,’’ म्हणाल्या, ‘‘आता हेही बैठकीतच वाचून दाखवा.’’