तंबाखूच्या पानावरील प्रक्रिया आणि धुराचा दर्प

बेंगळुरूहून मैसूरमार्गे हुणसूरकडे गेलात, तर शेताच्या कडेला उंच भट्टीघरे दिसतील. सिगारेटची तंबाखू येथे वाळवतात. लोखंडी नळांतून गरम वायू फिरतो. पानाला उष्णता मिळते, पण सरपणाचा धूर लागत नाही. निपाणीची विडीची तंबाखू मात्र उन्हात वाळते. दोन्हींच्या धुराच्या वासात फरक का पडतो, ते पाहू.

उग्र दर्पाचे मूळ पानातील नायट्रोजनमध्ये आहे. प्रथिने जळली की अमोनिया व पिरिडीन तयार होतात. जळक्या केसांचा वास आठवा. भट्टीत पहिले एक-दोन दिवस तापमान ३५ ते ४० अंश सेल्सिअस ठेवतात. पान अजून जिवंत असते, त्यातील विकरे स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात आणि पान पिवळे पडते. मग तापमान हळूहळू ७० अंशांच्या आसपास नेऊन शिरेसकट पान वाळवतात. घाई केली तर विकरे आधीच निकामी होतात, साखर कमी राहते. सगळे कौशल्य या पहिल्या टप्प्यात आहे.

साखर जळताना आम्ले तयार होतात. ती अमोनियाशी संयोग पावून क्षार बनवतात, आणि क्षार सहजी हवेत उडत नाहीत. म्हणून धुराचा सामू ७ च्या खाली राहतो व नाकाला झोंबणे कमी होते. साखर जवळजवळ नसलेल्या सिगारच्या तंबाखूचा धूर आम्लारीधर्मी असतो.

पुढे जाड मधली शीर वेगळी काढतात, कारण तिच्या धुराला लाकडी, रुक्ष वास येतो. नंतर सुमारे १२ टक्के ओलावा ठेवून पान वर्ष-दोन वर्षे मुरवतात. या काळात अमोनिया घटतो, साखर व अमिनो आम्लांची मेलार्ड अभिक्रिया होते (पाव भाजताना होते तीच) आणि कॅरोटिनॉइड तुटून सुवासिक संयुगे बनतात.

तरीही कपड्यांना चिकटणारा शिळा वास पूर्ण जात नाही. तो काही अंशी निकोटिनच्याच विघटनातून येतो. निकोटिन आहे तोवर तो राहणार.

परीक्षेत ‘दर्प कमी म्हणजे धूर सुरक्षित’ असे लिहू नका. साखर जळताना ॲसिटाल्डिहाइडही बनते, सौम्य धूर छातीत खोलवर ओढला जातो आणि कार्बन मोनॉक्साइडला तर मुळात वासच नसतो.