पट आणि पालिका

दरवर्षी जूनच्या उत्तरार्धात विदर्भातील शाळा उघडतात. त्या सुमारास सार्वजनिक शाळांचे शिक्षक मुले मिळविण्यासाठी घरोघर हिंडतात आणि त्याच गल्ल्यांतून इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या गाड्या मुले घेऊन जातात. मलकापूरही ह्यास अपवाद नाही. ह्याबद्दल पालकांस बोल लावणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नव्हे.

सार्वजनिक शाळेविषयी पालकांच्या मनात कायमची अढी आहे, असे आकडे सांगत नाहीत. ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी ६५.६ टक्के मुले २०१८ मध्ये सरकारी शाळांत होती. महामारीनंतर २०२२ मध्ये हे प्रमाण ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये ६६.८ टक्क्यांवर उतरले. पालक आले होते. त्यांना राखून ठेवणे आपणांस साधले नाही.

ते का साधले नाही? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेस ६० मुलांपर्यंत किमान दोन आणि ६१ ते ९० मुलांपर्यंत तीन शिक्षक असावे लागतात. एकसष्टावे मूल गेले की तिसरे पद धोक्यात येते. मग पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे आणि त्यातला एक माहितीचे तक्ते भरण्यात गुंतायचा! हे पाहून पालक दुसरेही मूल काढून घेतो. कायद्याने ‘किमान’ म्हटले असता व्यवहारात तीच मर्यादा ठरून बसली आहे. २०२३ साली शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचा विचार मांडला, तोही ह्याच हिशेबी दृष्टीचा.

ह्या हिशेबात मागे राहतो तो गाठी वाहणाऱ्या हमालाचा आणि हंगामी मजुराचा मुलगा. कापसाच्या ह्या बाजारपेठेत असे पालक थोडे नाहीत. फी देऊन शाळा बदलण्याची सोय त्यांना नाही. त्याच कायद्याचे कलम ९ स्थानिक संस्थेवर आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याचे आणि त्याच्या प्रवेशाची व उपस्थितीची खात्री करण्याचे कर्तव्य टाकते. केवळ आपल्या शाळांचा पट मोजून नगर परिषद ह्या ऋणातून मुक्त होत नाही.

ह्याच तालुक्यातील नरवेल येथे १९०८ साली जन्मलेले वि. भि. कोलते पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज मलकापुरात उभे आहे. त्या महाविद्यालयाकडे जाणारी वाट प्राथमिक शाळेतूनच जाते, ह्याचा विसर शहराने पडू देऊ नये.

नगर परिषदेने उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी प्रभागवार सर्व मुलांची गणना करून ती जाहीर करावी आणि निदान पहिल्या तीन इयत्तांना, पट कितीही असो, वर्गागणिक एक शिक्षक द्यावा. शासनाचे अनुदान अपुरे पडल्यास स्वतःच्या निधीतून खर्च करावा. आधी शिक्षक द्यावा आणि मग पटाची अपेक्षा करावी, हाच क्रम योग्य होय.