पेट्रोल आत, वाफ बाहेर

या आठवड्यात मुंबईतल्या माहुलला जायचं ठरलं होतं. तरंगत्या छपरांच्या टाक्या, छपराच्या कडेने बसवलेली सीलं, त्या सीलांतून निसटणारे व्हीओसी, म्हणजे सहज उडून जाणारे सेंद्रिय पदार्थ, हे सगळं लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि माहुल मागे पडलं. पत्राचा सूर भांडणाचा आहे, आणि मला अशी पत्रं आवडतात. ते पुण्याला मुलीकडे गेले होते. तिथे एका पंपावर गाडी भरताना नळी नेहमीपेक्षा जाड दिसली, म्हणून त्यांनी चौकशी केली. पंपावरचा मुलगा म्हणाला, "काका, ही वाफ परत ओढून घेते." यावर त्यांचा सवाल असा: पैसे मी मोजले, मग त्यातलं पेट्रोल पंपवाल्याने त्याच नळीने परत का न्यायचं? आणि नेलंच, तर मीटरमधून ते वजा होतं का?

सवाल बिनतोड आहे. उत्तर देताना थोडा हिशेब करावा लागेल.

रिकामी टाकी रिकामी नसते. तिच्यात हवा असते, आणि त्या हवेत आधीच्या पेट्रोलची वाफ मुरलेली असते. आपल्या उन्हाळ्यात हे प्रमाण चांगलंच असतं. टाकीतल्या वायूत चाळीसएक टक्के वाफच निघू शकते. आता तुम्ही चाळीस लिटर पेट्रोल आत सोडलं की चाळीस लिटर वायूला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नाही. पंपावर येणारा वास मुख्यतः याचा असतो. सांडलेल्या थेंबांचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी कमी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) यासाठी काढलेले गुणांक जुने आहेत, पण अजून वापरले जातात: काहीही न पकडता गाडी भरली, तर दर लिटरमागे बाहेर ढकलली जाणारी वाफ १,३२० मिलिग्रॅम, आणि सांडणारं पेट्रोल ८० मिलिग्रॅम. म्हणजे चाळीस लिटरला पन्नासेक ग्रॅम वाफ. ती गार करून पुन्हा द्रव केली तर सत्तर-ऐंशी मिलिलिटर भरेल. शंभर रुपयांच्या वर गेलेल्या भावाने सात-आठ रुपये.

तर हे सात-आठ रुपये कोणाचे? सांगलीकरांनी आज जे पेट्रोल घेतलं त्याचे नाहीत. मीटर द्रव मोजतो, आणि मोजलेला द्रव सगळा टाकीत जातो. बाहेर येते ती मागच्या खेपेच्या पेट्रोलची वाफ. पैसे त्यांनीच दिले होते हे खरं, पण साधी नळी असती तर ती वाफ हवेत गेली असती आणि त्यांच्या पदरात तेव्हाही काही पडलं नसतं.

पंपवाल्याला मात्र फायदा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या जमिनीखालच्या टाकीतून चाळीस लिटर पेट्रोल वर आलं की तिथे चाळीस लिटरची पोकळी होते. ती भरायला उंच व्हेंट पाइपातून बाहेरची कोरडी हवा आत शिरते, तिच्यात त्याचं पेट्रोल उडतं, आणि नंतर ती हवा तेच पेट्रोल घेऊन बाहेर पडते. त्या जागी तुमच्या गाडीतली वाफेने भरलेली हवा परत गेली तर नवं पेट्रोल उडायला जागाच राहत नाही. चाळीस लिटर द्रव वर, चाळीस लिटर वाफ खाली, फिटंफाट.

यंत्रणा अशी: जाड नळीत दुसरी नळी असते. एकीतून पेट्रोल गाडीकडे, दुसरीतून वाफ पंपाकडे. नोझलच्या तोंडाजवळ भोकं असतात आणि वितरण यंत्रात एक छोटा व्हॅक्यूम पंप असतो. सगळं कौशल्य त्या पंपाच्या वेगात आहे. कमी ओढलं तर वाफ निसटते, जास्त ओढलं तर बाहेरची ताजी हवा खाली जाते आणि तिथे नवी वाफ तयार होते. म्हणून युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात किमान ८५ टक्के वाफ पकडण्याची अट आहे, आणि परत नेलेली वाफ व दिलेलं पेट्रोल यांचं गुणोत्तर ०.९५ ते १.०५ यांच्यात ठेवावं लागतं. एवढ्या अरुंद पट्ट्यात राहायचं तर यंत्र बसवून भागत नाही, वरचेवर तपासावं लागतं. पंपावर यंत्रणा आहे की नाही हे नळीकडे बघून कळतं. ती चालते की नाही हे बघून कळत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडची खरी गोम इथेच आहे.

एका ठिकाणी मात्र सांगलीकरांची शंका अक्षरशः खरी ठरते. "टँक फुल करा" म्हटल्यावर नोझल खट्‌ करून बंद होते. हे खट्‌ माझं फार लाडकं यंत्र आहे. त्यात वीज नाही, सेन्सर नाही. नोझलच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं आणि तिथून एक नळी मुठीपर्यंत जाते. वाहत्या पेट्रोलच्या ओढीने त्या छिद्रातून सतत हवा शोषली जाते. टाकीतली पातळी चढून छिद्र पेट्रोलने झाकलं गेलं की हवा येणं थांबतं, मुठीतली पोकळी वाढते, पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. इतकं सुबक काम झाल्यावर आपण काय म्हणतो? "राउंड फिगर करा." मुलगा पुन्हा दाबतो, पुन्हा खट्‌, पुन्हा दाबतो. या खटाटोपात पेट्रोल टाकीच्या गळ्यापर्यंत येतं. वाफ ओढणारी नोझल असेल तर तिच्या भोकांतून द्रव पेट्रोलच परत जाऊ शकतं, आणि ते मीटरवर आधीच मोजलेलं असतं. शिवाय गाडीत सक्रिय कोळशाचा एक डबा असतो, टाकीतून उडणारी वाफ धरून ठेवणारा. तो वाफेसाठी बनवलेला आहे. गळ्यातून द्रव त्याच्यात शिरलं की कोळसा भिजून निकामी होऊ लागतो. सांगलीकरांनी त्या दिवशी राउंड फिगर केली होती का, हे पत्रात नाही.

आता टँकर. पंपावरच्या व्हीओसींबद्दल बोलताना सगळे नोझलकडे बघतात, आणि दिवसाकाठी तासभर उभ्या राहणाऱ्या टँकरकडे कोणाचं लक्ष नसतं. समजा, बारा हजार लिटरचा टँकर जमिनीखालच्या टाकीत रिकामा होतोय. पाइप टाकीच्या वरच संपत असेल आणि पेट्रोल उंचावरून धबाधबा पडत असेल, तर ईपीएच्या हिशेबाने लिटरमागे १,३८० मिलिग्रॅम, म्हणजे एका खेपेला साडेसोळा किलो वाफ व्हेंटमधून वर जाते. पाइप टाकीच्या तळापर्यंत नेला तर लिटरमागे ८८० मिलिग्रॅम, म्हणजे साडेदहा किलो. केवळ पाइप लांब केल्याने सहा किलो वाचले! आणि खालच्या टाकीतली वाफ दुसऱ्या होजने टँकरमध्येच परत पाठवली, तर लिटरमागे ४० मिलिग्रॅम. अख्ख्या खेपेला अर्धा किलो. टँकर ती वाफ घेऊन डेपोत जातो, तिथे ती कोळशाच्या थरांवर पकडून पुन्हा पेट्रोल करता येते. यात व्हॅक्यूम पंप नाही, नाजूक गुणोत्तर नाही. एक होज आणि ती जोडायची सवय, बस. माझ्या हातात पैसे असते तर पहिला रुपया मी इथे घातला असता. युरोपनेही तसंच केलं: टँकरचा निर्देश १९९४ चा, नोझलचा पंधरा वर्षांनी.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लाखावर वस्तीच्या शहरात महिन्याला ३०० किलोलिटर पेट्रोल विकलं जाण्याची शक्यता असलेल्या नव्या पंपाला वाफ परत घेणारी यंत्रणा बंधनकारक झाली. शाळा, इस्पितळं आणि वस्तीपासून ५० मीटर अंतराची अटही त्यातलीच. जुन्या पंपांना वेगळे निकष लावले गेले. म्हणून एकाच रस्त्यावर एका पंपाची नळी जाड आणि दुसऱ्याची बारीक दिसू शकते.

मोजण्याबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. हवेतले व्हीओसी मोजायला फोटोआयनायझेशनचा मीटर असतो: १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा रेणूंचं आयनीकरण करतो आणि त्यावरून आकडा येतो. तो घेऊन पंपावर गेलात तर आकडा झटकन येतो आणि तसाच झटकन फसवतो. पेट्रोलच्या वाफेत सगळ्यात जास्त असतात ती हलकी मंडळी, ब्यूटेन आणि पेंटेन. ब्यूटेनचं आयनीकरण व्हायला १०.५३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे दिव्याच्या अगदी काठावर. मीटरला तो जवळजवळ दिसतच नाही. पेंटेन दिसतो, पण आठेक पट फिका. बेंझिन मात्र, मीटर ज्या आयसोब्यूटिलिनवर जुळवलेला असतो त्याच्या मापाने, दुप्पट दिसतो. थोडक्यात, पडद्यावरचा एक आकडा कोणाला फुगवून तर कोणाला दाबून तयार झालेला असतो. गळती शोधायला उत्तम, पण किती ग्रॅम गेलं हे त्यावरून सांगू नये. त्यासाठी कोळशाची नळी, कार्बन डायसल्फाइड आणि गॅस क्रोमॅटोग्राफ हा जुना रस्ताच बरा.

बेंझिनचा हिशेब वेगळा करायला हवा, कारण तो कर्करोगकारक म्हणून पक्का सिद्ध झालेला आहे. आपल्या पेट्रोलमध्ये त्याला जास्तीत जास्त एक टक्क्याची मुभा आहे. पेट्रोलमधले हलके घटक त्याच्यापेक्षा वेगाने उडतात, त्यामुळे वाफेत त्याचा वाटा त्याहूनही कमी. तरी चाळीस लिटरच्या एका भरणीत पाव ग्रॅमच्या आसपास बेंझिन बाहेर येऊ शकतो. पाव ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण आपल्या २००९ च्या राष्ट्रीय मानकात बेंझिनची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. पाव ग्रॅम त्या पातळीपर्यंत विरळ करायचा तर पन्नास हजार घनमीटर स्वच्छ हवा लागेल, म्हणजे फुटबॉलच्या पूर्ण मैदानावर दोन मजली घराएवढ्या उंचीची हवा. एका गाडीसाठी! वार्षिक सरासरी आणि दोन मिनिटांची भरणी यांची अशी तुलना शास्त्रशुद्ध नाही, हे मान्य. पण पंपाशेजारच्या चाळीत खिडकी उघडी ठेवणाऱ्यांना आकड्यांचा अंदाज यायला ती पुरेशी आहे.

पंपावर आठ तास उभ्या असणाऱ्या मुलाला मात्र वास येत नाही. विचारून बघा. "सवय झाली" असं उत्तर येतं, आणि ते शरीरशास्त्रानेही खरं आहे, कारण नाक थकतं. शिवाय नुसत्या बेंझिनचा वास माणसाला कळेपर्यंत त्याचं प्रमाण दशलक्षांत एक भागाच्या वर गेलेलं असतं, आणि अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची कायदेशीर मर्यादाच तेवढी आहे. त्यामुळे अशा मुलांच्या कॉलरला लावायचा एक बिल्ला असतो. त्यात कोळशाचा थर असतो आणि पंप वगैरे काही नसतं. बेंझिनचे रेणू विसरणाने आपसूक आत येतात आणि कोळशाला चिकटतात. आत येण्याचा वेग ठरलेला असल्याने पाळी संपल्यावर कोळशातला बेंझिन मोजला की दिवसाची सरासरी मिळते. मीटरच्या लुकलुकत्या आकड्यापेक्षा मला हा मुका बिल्ला जास्त विश्वासाचा वाटतो.

सांगलीकरांना आवडेल असा एक उपाय अमेरिकेने १९९८ च्या मॉडेलपासून आणला. वाफ पंपाने ओढायची नाही, गाडीनेच धरायची. कोळशाचा डबा मोठा करायचा आणि टाकीचा गळा इतका अरुंद की आत पडणारं पेट्रोलच बूच बनावं. वाफेला मागे फिरायला वाट नाही, ती डब्यात जाते, आणि गाडी चालू झाली की इंजिन ती जाळतं. सात-आठ रुपये मालकाच्या पदरात. पण मग दोन व्यवस्थांची जुंपली. अशी गाडी जाड नळीच्या पंपावर आली की टाकीच्या तोंडाशी वाफ नसतेच, पंप ताजी हवा ओढून जमिनीखाली कोंबतो, तिथे पेट्रोल उडतं आणि व्हेंटमधून बाहेर येतं. वाफ रोखायची यंत्रणाच वाफ बनवू लागली. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या नव्या झाल्यावर २०१२ मध्ये ईपीएने पंपांवरची सक्ती काढून टाकली. चीननेही आपल्या सहाव्या टप्प्याच्या मानकांत गाडीतलाच डबा धरला, मर्यादा लिटरमागे ०.०५ ग्रॅम.

आपण पंपाचा रस्ता धरलाय. मला तो चूक वाटत नाही, जुन्या गाड्यांनाही तो लागू पडतो. पण हे दोन्ही रस्ते मोटारीच्या बेताने आखलेले आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या सरकारी पाहणीत देशातल्या पेट्रोलपैकी साठ टक्क्यांहून जास्त दुचाकींत जात होतं. स्कूटरच्या टाकीचं तोंड रुंद असतं. पोऱ्या नोझल वर अधांतरी धरतो, कारण गिऱ्हाइकाला धार दिसायला हवी असते. एकदा झिरो बघायचा, मग धार बघायची. अशा उघड्या तोंडावर व्हॅक्यूम पंप वाफेऐवजी पंपावरची हवाच ओढत बसणार, आणि वरून पडणारी धार टँकरच्या पहिल्या प्रकारासारखी खळखळून जास्त वाफ उडवणार. ८५ टक्क्यांची हमी मोटारीच्या गळ्यात घट्ट बसलेल्या नोझलची आहे. स्कूटरसाठी वेगळी नोझल, नाहीतर निदान ती टाकीत खोल घालण्याची सक्ती, यावर कोणीतरी पैसे आणि डोकं खर्च करायला हवं. सांगलीकरांकडे स्कूटरही आहे, असं त्यांनी ताजा कलममध्ये लिहिलंय. तिच्यासाठी जाड नळीचा पंप शोधत फिरण्यात फार हशील नाही.

माहुल पुढच्या आठवड्यात. आणखी एखादं भांडखोर पत्र आलं नाही तर.