स्वच्छ शहरातला चिखल

इंदूरच्या धार रस्त्यालगतचं सिरपूर तळं होळकरांच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं गेलं. शहर वाढत त्याच्या अंगावर आलं आणि अतिक्रमण, सांडपाणी, शिकार सगळंच त्याच्या वाट्याला आलं. अशा वेळी चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ संस्थेतल्या साथीदारांनी तळ्याची राखण हाती घेतली. २०१६ मध्ये मोंढे यांना पद्मश्री मिळाली, २०२२ मध्ये सिरपूर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही रामसर कराराखाली ‘वेटलँड सिटी’ची मान्यता मिळालेली भारतातली पहिली दोन शहरं ठरली. श्रेय सरकारचं आणि महापालिकेचंही आहे. पण नागरिकांनी केलेल्या अशा राखणीचं मोल श्रमदानापेक्षा जागेच्या ओळखीत जास्त आहे, असं माझं मत आहे.

स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिल्या आलेल्या इंदूरला हे सांगणं आवश्यक आहे, कारण झाडलोटीची सवय झालेल्या नजरेला काठचा चिखल, लव्हाळं, वठलेलं झाड ही घाणच वाटते. सिरपूर भर पावसाळ्यातही फार तर दोन मीटर खोल असतं. चिखलात चोच खुपसून किडे टिपणारे पक्षी या उथळपणावरच जगतात, लव्हाळ्यात पाणकोंबड्या घरटी करतात. तळं सरसकट खोल केलं, काठ दगडांनी बांधून काढले, रात्रभर दिवे लावले, तर जलाशय देखणा होईल. पक्षी मात्र उरणार नाहीत. जलपर्णी उपसायलाच हवी, पण प्रत्येक पाणवनस्पती उपसायची नसते. काय काढायचं आणि काय ठेवायचं हे वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून कळतं. अधिकाऱ्यांची बदली होते, त्यामुळे अशा नोंदी त्यांच्याकडे साठत नाहीत. आशियाई पाणपक्षी गणनेसाठी दर जानेवारीत दुर्बीण घेऊन काठावर उभे राहतात ते बहुतांशी स्वयंसेवकच.

कर भरूनही नागरिकांनी फुकट का राबावं, हा आक्षेप रास्त आहे. नाल्याचं पाणी शुद्ध करणं स्वयंसेवकाच्या आवाक्यातलं नाही आणि ते त्याच्यावर टाकूही नये. पण कुठला नाला कधीपासून तळ्यात मिसळतोय याची तारीखवार नोंद त्याच्याकडे असेल, तर यंत्रणेला उत्तर द्यावंच लागतं. दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो: राखणदार शेवटी गुराख्याला आणि मासे धरणाऱ्यालाच हुसकावतो. हा धोका खरा आहे. मात्र रामसर करारही पाणथळीचा शहाणपणाने वापर मान्य करतो, आणि तळ्याची पातळी, माशांचा हंगाम त्या माणसांइतका कुणाला ठाऊक? राखणदारांच्या गटात पहिलं बोलावणं त्यांनाच जायला हवं.