ऑगस्टमध्ये शिजणारा नाताळ

बेल्जियममधल्या मेखेलन शहरात 'हेट आंकर' नावाची जुनी, कौटुंबिक ब्रूअरी आहे. तिची नाताळची खास बिअर ऑगस्ट महिन्यात शिजते. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत फिरत असतात, शाळांना सुट्ट्या असतात आणि आत भट्टीवर डिसेंबरची तयारी चाललेली असते. गावोगावच्या छोट्या ब्रूअऱ्यांमध्येही थोड्याफार फरकाने हेच वेळापत्रक असतं. दुकानात बाटली दिसायला लागते ती ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये, आणि ती तिथे वेळेवर पोचायची तर काम उन्हाळ्यातच सुरू करावं लागतं. लहान ब्रूअरीतला नाताळ असा चार-पाच महिने चालतो.

याचं मुख्य कारण म्हणजे या बिअरची ताकद. आपल्याकडे बारमध्ये मिळणाऱ्या सौम्य बिअरमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. बेल्जियन नाताळ-बिअर ८ ते १२ टक्क्यांची असते, म्हणजे जवळजवळ वाइनच्या पंक्तीतली. अल्कोहोल तयार होतं साखरेतून आणि साखर येते माल्टमधून, म्हणजे मोड आणून भट्टीत सुकवलेल्या सातूतून. भरडलेला माल्ट ६२ ते ७२ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर मुरवला की दाण्यातल्या स्टार्चची साखर होते. हे गोड पाणी, ज्याला वर्ट म्हणतात, गाळून उकळायचं, त्यात हॉप्स टाकायची, थंड करायचं आणि यीस्टच्या हवाली करायचं. साध्या बिअरच्या १०० ग्रॅम वर्टमध्ये साधारण १२ ग्रॅम ऐवज विरघळलेला असतो. १२ टक्क्यांच्या बिअरला तो दुप्पट, जवळपास २५ ग्रॅम लागतो. पण माल्ट मुरवायची टाकी काही दुप्पट मोठी होत नाही. मग दाण्यातून पहिल्यांदा निथळणारा घट्ट, मधासारखा रस तेवढा घ्यायचा आणि एका पाळीत नेहमीच्या निम्मीच बिअर हाती लागेल हे मान्य करायचं.

खरी चणचण पुढे भासते, टाक्यांची. हलकी एल बिअर तीन-चार आठवड्यांत टाकी रिकामी करून देते. नाताळची बिअर मात्र हटत नाही. इतक्या गोड द्रावणात यीस्टची दमछाक होते. आधी ते जोरात फसफसतं, मग मंदावतं, आणि शेवटची साखर संपवायला बरेच दिवस घेतं. त्यानंतर तोंडाला चटका लावणारा कच्च्या दारूचा उग्रपणा निवळेपर्यंत तिला थंडाव्यात मुरू द्यावं लागतं. एक टाकी दोन-तीन महिने अडते, आणि तेवढ्या काळात तीच टाकी साध्या बिअरचे तीन घाणे देऊ शकली असती. चार टाक्यांच्या ब्रूअरीत हा हिशेब फार टोचतो. दाण्याची आणि साखरेची किंमत बिलावर दिसते. अडलेल्या टाकीची किंमत कुठेच लिहिलेली नसते, आणि माझ्या मते या बिअरमधला सर्वांत महाग जिन्नस तोच आहे.

पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली, त्यानंतर आपल्याकडे मायक्रोब्रूअरी हा प्रकार लोकांच्या परिचयाचा झाला. तिथली बिअर टाकीतून थेट नळाला येते, ताजी प्यायची असते आणि थोड्या आठवड्यांत संपते. बेल्जियमच्या नाताळ-बिअरचा स्वभाव बरोबर उलटा. ती बाटलीत जाते आणि बाटलीतच पुढे घडते.

अशी बिअर करणारं एसेन नावाचं एक खेडं बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समध्ये, डिक्समाउडे शहराजवळ आहे. पहिल्या महायुद्धात इसेर नदीकाठची आघाडी इथून काही किलोमीटरवर होती आणि डिक्समाउडे तर पार जमीनदोस्त झालं होतं. व्यापलेल्या भागातल्या ब्रूअऱ्यांमधलं तांबं त्या काळी जर्मन सैन्याने काढून नेलं. कितीतरी गावांत त्यानंतर पुन्हा कधी भट्टी पेटली नाही. एसेनमध्ये १८३५ सालची एक ब्रूअरी होती. १९८० साली ती हेर्तेलेर भावांनी घेतली आणि 'डे डोले ब्राउवर्स' हे नाव दिलं. त्यांतला क्रिस हेर्तेलेर पेशाने वास्तुविशारद आणि हाताने चित्रकार. सुरुवातीला हा सगळा कारभार शनिवार-रविवारचा होता, आठवडाभर आपापला व्यवसाय आणि सुट्टीत बिअर. बाटल्यांवरची चित्रं क्रिसची, आणि ब्रूअरी पाहायला येणाऱ्यांना सोबत घेऊन फिरायची ती त्यांची आई.

त्यांच्या नाताळच्या बिअरचं नाव 'स्टिले नाख्त', १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलेल्या गाण्यावरून घेतलेलं. ती १२ टक्क्यांची. पण ती समजून घ्यायची तर भट्टीपेक्षा तिथला थंड करायचा जुना प्रकार पाहावा. उकळलेला वर्ट आधी एका प्रशस्त, उथळ, वरून उघड्या परातीवजा भांड्यात सोडतात. हॉप्सचा चुरा आणि घट्ट झालेली प्रथिनं तळाशी बसू लागतात, वाफ छतापर्यंत चढते आणि भिंतींवरून पाणी ओघळतं. मग तो रस एकावर एक रचलेल्या आडव्या नळ्यांवरून खाली सोडला जातो. नळ्यांच्या आतून थंड पाणी, बाहेरून पातळ पडद्यासारखा उतरणारा गरम वर्ट. बहुतेक ठिकाणी हे काम आता बंदिस्त पत्र्यांचं यंत्र अर्ध्या-पाऊण तासात, कोणाच्या नजरेस न पडता उरकतं. उघड्या पद्धतीत हवेतला एखादा उपरा जंतू शिरण्याची धास्ती असते, म्हणून प्रत्येक नळी आधी आणि नंतर घासून काढावी लागते. असं भांडं चालू ठेवणं म्हणजे रोजची मेहनत पत्करणं, आणि ती पत्करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

यीस्टच्या बाबतीत या ब्रूअरीवर एकदा मोठा बाका प्रसंग आला. तिचं यीस्ट येत असे रुसेलारेच्या रोडेनबाख ब्रूअरीकडून. शेजारच्याने शेजाऱ्याला विरजण द्यावं तशी ही जुनी रीत होती. १९९८ साली पाम या मोठ्या ब्रूअरीने रोडेनबाख विकत घेतली आणि पुढे बाहेर यीस्ट देणं बंद झालं. रोडेनबाखचं यीस्ट म्हणजे एकच एक जात नव्हती. त्यात आंबटपणा आणणारे जीवाणूही नांदत होते आणि तो आंबटपणा डे डोलेच्या बिअरची ओळख बनला होता. तो मेळ स्वतःकडे पुन्हा जुळवण्यात बराच काळ गेला. त्या दिवसांतल्या बाटल्या आणि आधीच्या बाटल्या यांतला फरक जाणकार आजही सांगतात. लहान ब्रूअरीचं सारं भांडवल कधीकधी एका बादलीभर करड्या गाळात असतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाटल्या भरायचं काम निघतं. बाटलीत जाणारी बिअर जवळजवळ मेलेली असते, म्हणजे फेस नसलेली. तिच्यात थोडी साखर आणि थोडं ताजं यीस्ट घालून टोपण ठोकतात. लिटरमागे साधारण ८ ग्रॅम, म्हणजे ३३० मिलिलिटरच्या बाटलीला तीन ग्रॅमही नाही, चहाचा एक चमचासुद्धा भरत नाही. साखरेच्या प्रत्येक ग्रॅममधून जवळपास अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. बाहेर पडायला वाट नसल्याने तो बिअरमध्येच विरघळतो. ही साखर मोजताना हात जड झाला की बाटल्या फुटतात, हलका झाला की नाताळच्या टेबलावर फेस धरत नाही. शिवाय १२ टक्के अल्कोहोलमध्ये यीस्टला जागं ठेवायचं तर ऊब लागते. म्हणून भरलेल्या बाटल्या २३ ते २५ अंशांच्या खोलीत ठेवतात. थंड तळघरांच्या त्या इमारतीत शरद ऋतूतली सर्वांत उबदार जागा माणसांच्या नव्हे, बाटल्यांच्या वाट्याला येते.

एनो प्रांतातल्या तुर्प गावची ड्यूपाँ ब्रूअरी तर या उबदार खोलीत बाटल्या आडव्या निजवून सहा ते आठ आठवडे ठेवते. ही मुळातली शेतावरची ब्रूअरी, १८४४ पासूनची. १९२० मध्ये ती ड्यूपाँ कुटुंबाकडे आली. १९७० साली त्यांनी वर्षअखेरीला एक वेगळी बिअर केली, विकायला नव्हे, तर चांगल्या गिऱ्हाइकांना नववर्षाची भेट द्यायला. 'शुभेच्छांसह' अशा अर्थाचं लांबलचक नाव तिला मिळालं आणि पुढे लोक फक्त शुभेच्छा, 'बों व्हू', एवढंच म्हणू लागले. साडेनऊ टक्क्यांची, फिकट सोनेरी, बुच आणि तारेची जाळी लावलेली बाटली. दिवाळीत फराळाचा डबा जसा ओळखीच्या दारी पोचतो तशी ती पोचायची. मागणी इतकी वाढली की ती विकावीही लागली. लुव्हेनची स्टेला आर्त्वासुद्धा १९२६ साली नाताळची खास बिअर म्हणून आली होती, हे आज तिचे कॅन हातात घेणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

बेल्जियमच्या नाताळ-बिअरना गडद रंगाची ओढ लागली ती दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, ब्रिटनहून येणाऱ्या जड, गोडसर स्कॉच एलमुळे. मसाले हा दुसरा प्रवाह. धणे, संत्र्याची साल, दालचिनी, आलं, चक्रीफूल यांतलं काहीही बेल्जियन भट्टीत चालतं. बव्हेरियात १५१६ पासून असलेला फक्त सातू, हॉप्स आणि पाणी यांचा नियम इथे कधीच नव्हता. पण मसाल्यावर भिस्त ठेवलेली बिअर मला फारशी पटत नाही. दालचिनीचा वास आला की जिभेला नाताळ वाटतो खरा, पण टाकीत कमी दिवस काढल्याचं झाकायलाही तीच दालचिनी हाताशी येते. ड्यूपाँच्या बाटलीत यीस्ट आणि हॉप्समधून येणारा मिरीसारखा तिखटपणा आहे, आणि त्याची सर पुडीतल्या मसाल्याला येत नाही.

डिसेंबर उजाडतो तेव्हा नाताळची बिअर ब्रूअरीतून बरीचशी निघून गेलेली असते. उरतो तो कामाचा रेटा. ६ तारखेला सेंट निकोलस येतो, फ्लँडर्समधली मुलं त्याच्यासाठी बूट मांडून ठेवतात आणि तिथून भेटवस्तूंचा हंगाम तापतो. दोन-तीन माणसांच्या ब्रूअरीत सकाळी माल्ट भरडणारा माणूसच दुपारी खोक्यांत पेले आणि बाटल्या बसवतो, संध्याकाळी पावत्या लिहितो आणि शनिवारी टॅपरूममध्ये लोकांना ओतूनही देतो. एसेनची ब्रूअरी आठवड्याच्या शेवटी पाहुण्यांना खुली असते. याच महिन्यात डच सीमेवरच्या एसेन गावात (नावं जवळजवळ सारखी असली तरी हे गाव अँटवर्प प्रांतातलं आणि वेगळं) बिअररसिकांची स्थानिक संस्था नाताळ-बिअरचा महोत्सव भरवते. दीडशेहून अधिक नाताळ-बिअर एका छपराखाली येतात आणि लहान पेल्यांतून दिल्या जातात. ज्या ब्रूअरीचं नाव जिल्ह्याबाहेर कोणी ऐकलेलं नसतं, तिची बिअर तिथे नामवंतांच्या शेजारी उभी राहते. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तो वारसा मला राजधानीतल्या सोहळ्यांपेक्षा अशा सभागृहांत अधिक दिसतो.

बाहेरच्यांना न दिसणारं काम म्हणजे धुलाई. गरम पाणी, कॉस्टिक, पुन्हा पाणी. टाकी, नळ्या, झडपा, फरशी. ब्रूअरीतल्या दिवसाचा मोठा हिस्सा यातच जातो आणि डिसेंबरात ओल्या फरशीवर रबरी बुटांतही पाय गारठतात. गाळून उरलेला चोथा गुरांसाठी शेतकरी नेतो. हिवाळ्यात गाई गोठ्यात असल्याने त्याला मागणी चांगली असते, पण सणात त्याचा ट्रॅक्टर आला नाही तर एक-दोन दिवसांत चोथा आंबतो आणि अंगणभर त्याचा वास सुटतो. टाकीत किण्वन चालू असेल तर २५ तारखेलाही कोणाला तरी जाऊन तापमान बघावंच लागतं. म्हणून सरावलेला ब्रूअर त्या आठवड्यात नवा घाणा धरत नाही. आधीचं आवरतो, दार ओढून घेतो आणि घरी जेवायला जातो.

घेतलेली बाटली लगेच उघडायची सक्ती नाही. स्टिले नाख्त अंधाऱ्या, थंड जागी उभी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. हॉप्सचा कडवटपणा ओसरतो, सुक्या फळांची आणि शेरी वाइनची आठवण देणारी चव वर येते. उघडताना बर्फगार नको, दहा-बारा अंश पुरे. तळाचा यीस्टचा गाळ हलू न देता सावकाश ओतावी. एका बाटलीत दोघांचं भागतं, आणि तिची ताकद पाहता तसंच करणं बरं.

जानेवारीत टाक्या मोकळ्या होतात, पण फार दिवस नाही. डे डोलेची 'बॉस्केउन' ही ईस्टरची बिअर आहे. ईस्टर मार्चअखेरीस येवो की एप्रिलमध्ये, ती त्याआधी बाटलीत फेसाळून तयार असायला हवी. मागे मोजत गेलं की तिचा माल्ट भरडायचा दिवस ख्रिसमस ट्री कचऱ्यात गेल्यानंतरच्या थोड्याच आठवड्यांत येतो.